वर्गात सूक्ष्मदर्शक वापरताना : कांद्याच्या पापुद्र्यापासून डबक्याच्या पाण्यापर्यंत

बहुतेक शाळांत सूक्ष्मदर्शक असतो. तो कपाटात असतो, त्याच्यावर प्लॅस्टिकची पिशवी असते आणि तपासणीला पाहुणे येणार असले की टेबलावर येतो. आरशावर धूळ, ४० च्या भिंगावर वाळलेलं आयोडीन, बारीक स्क्रू एका टोकाला जाऊन अडकलेला. यंत्राला काही झालेलं नसतं, ते वापरलेलं नसतं इतकंच. असा सूक्ष्मदर्शक ज्यांच्या हाती पहिल्यांदाच येतो आहे, त्या शिक्षकांसाठी आणि सातवी-आठवीपासूनच्या मुलांसाठी हे लिहितो आहे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. नवख्याचा हात नेहमी सर्वांत लांब भिंगाकडे जातो. मोठं दिसायला हवं ना! पण शाळेत पाहण्यासारखं बहुतेक सगळं ४० आणि १०० पटींत दिसतं. दिसत नसेल तर पट कमी पडतात असं क्वचितच असतं. एक तर नमुना जाड असतो, नाहीतर प्रकाश जास्त असतो.

यंत्राची ओळख

एका हाताने मागची कमान पकडायची, दुसरा हात तळाखाली, आणि मगच उचलायचं. नेत्रिकेला धरून उचलू नका. जुन्या यंत्रांत ती नळीत नुसती ठेवलेली असते. यंत्र कललं की थेट फरशीवर.

वर डोळा लावतो ती नेत्रिका. फिरत्या चकतीला लावलेली ती वस्तुभिंगं, साधारणपणे ४, १० आणि ४० पटींची. काही यंत्रांत १०० चंही असतं. काचपट्टी ठेवायची तो मंच. मंचाखाली प्रकाश कमी-जास्त करायची झडप, म्हणजे डायफ्रॅम. सगळ्यांत खाली आरसा किंवा दिवा. बाजूला दोन स्क्रू, मोठा आणि बारीक. नेत्रिकेचे पट गुणिले वस्तुभिंगाचे पट म्हणजे एकूण पट: १० ची नेत्रिका आणि ४० चं भिंग, तर ४००; त्याच नेत्रिकेला ४ चं भिंग तर ४०, १० चं तर १००.

वस्तुभिंगावर आणखीही आकडे कोरलेले असतात आणि ते सहसा कुणी वाचत नाही. ४० च्या भिंगावर ०.६५ असा आकडा दिसेल. भिंग किती बारीक तपशील वेगळे करून दाखवू शकतं, ते या आकड्यावर ठरतं. त्याला १००० ने गुणलं की त्या भिंगाची उपयोगी मर्यादा कळते, म्हणजे इथे सुमारे ६५० पट. त्यावर २५ ची नेत्रिका लावून १००० पट केले तर चित्र मोठं होईल, पण नवीन काही दिसणार नाही, अस्पष्टपणाच तेवढा मोठा होईल. खेळण्याच्या दुकानातल्या खोक्यावर ‘१२०० पट’ लिहिलेलं असतं, त्याकडे लक्ष देऊ नका. दुसरा आकडा ०.१७. ही झाकणकाचेची, म्हणजे कव्हरस्लिपची, मिलिमीटरमधली जाडी. ४० चं भिंग तेवढी काच मध्ये आहे असं धरूनच बनवलेलं असतं. ‘एवढ्याशा कामाला कव्हरस्लिप कशाला’ म्हणून ती वगळली, तर चित्र धुरकट येतं आणि भिंग ओलं होतं ते वेगळंच.

आधी प्रकाश

आरशाचं यंत्र असेल तर टेबल खिडकीजवळ घ्या आणि आरसा मोकळ्या आकाशाकडे वळवा. सूर्याकडे कधीही नाही. भिंगांतून एकवटलेलं ऊन डोळ्यात गेलं तर डोळा कायमचा दुखावू शकतो. मुलांना पहिल्याच दिवशी हे बजावून सांगा आणि ऊन थेट येतं त्या खिडकीपाशी यंत्र ठेवूच नका. आरशाला दोन बाजू असतात. मंचाखाली कंडेन्सर, म्हणजे प्रकाश एकवटणारं भिंग, असेल तर सपाट बाजू, नसेल तर अंतर्गोल.

आता नेत्रिकेत बघा. पूर्ण गोल सारखा उजळ दिसला की आरसा बरोबर बसला. मग डायफ्रॅम हळूहळू बंद करत न्या. कांद्याची किंवा गालाची पेशी जवळजवळ पारदर्शक असते. झगझगीत प्रकाशात ती दिसतच नाही. झडप बंद करत गेलं की तिच्या कडा उमटायला लागतात. फार बंद केली तर कडांभोवती काळ्या-पांढऱ्या रेघा येतात, मग थोडं मागे यायचं. वर्गात ‘सर, काहीच नाही’ अशी तक्रार आली की काचपट्टीकडे जाण्याआधी माझा हात या झडपेकडे जातो.

नीट दिसेपर्यंतच्या पायऱ्या

१. सर्वांत आखूड, म्हणजे ४ चं भिंग खाली घ्या. जागेवर बसताना ‘टक्’ असा आवाज येतो किंवा हाताला तसं जाणवतं.

२. काचपट्टी क्लिपांखाली बसवा, नमुना मंचाच्या भोकाच्या बरोबर मध्ये.

३. बाजूने बघत मोठा स्क्रू फिरवून भिंग आणि काचपट्टी जवळ आणा. हे करताना डोळा नेत्रिकेला लावायचा नाही.

४. आता डोळा लावा आणि दोन्ही एकमेकांपासून दूर जातील असा स्क्रू फिरवा. दूर नेताना काच फुटत नाही. जवळ नेताना फुटते. एवढं एक वळण हाताला लागलं की काचपट्ट्यांचा खर्च निम्म्यावर येतो.

५. चित्र आलं की बारीक स्क्रूने नीट करा, हवा तो भाग बरोबर मध्यभागी आणा आणि मगच १० चं भिंग फिरवा. पुढच्या भिंगाला दिसणारं क्षेत्र खूप लहान असतं. कडेला असलेली वस्तू त्यात येणारच नाही.

६. ४० चं भिंग लावल्यावर मोठ्या स्क्रूला हात लावायचा नाही. भिंग आणि काच यांत जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर उरतो.

डोळे दोन्ही उघडे ठेवा. एक मिटून बघितलं तर पाच मिनिटांत डोकं धरतं. नुसता जवळचा किंवा लांबचा नंबर असेल तर चष्मा काढून बघितलं तरी चालतं, फरक स्क्रू भरून काढतो. सिलिंड्रिकल नंबर असलेल्यांनी मात्र चष्मा ठेवावा.

पहिली काचपट्टी : वर्तमानपत्रातलं एक अक्षर

पहिल्याच दिवशी पेशी दाखवायला जाऊ नका. नवखा काय बघायचं हेच जाणत नसतो, त्यामुळे हवेचा बुडबुडा बघून ‘पेशी दिसली’ म्हणतो. वर्तमानपत्रातला एक ‘ग’ कापून घ्या, पाण्याच्या थेंबात ठेवा, वर झाकणकाच ठेवा आणि ४ च्या भिंगाने बघा. शिरोरेषा खाली गेलेली दिसेल आणि काना डावीकडे. वरचं खाली आणि उजवीकडचं डावीकडे, दोन्ही एकदम. आता काचपट्टी उजवीकडे सरकवा. अक्षर डावीकडे पळेल. पाचेक मिनिटं हा खेळ खेळला की मुलांच्या बोटांना ते उलटेपण कळतं आणि पुढे पॅरामेशियम या डबक्यातल्या चपळ एकपेशीय जीवाच्या मागे धावताना त्याचा उपयोग होतो.

त्याच पानावरच्या रंगीत फोटोचा तुकडाही लावा. वरून टॉर्चचा उजेड पाडला तर निळसर, गुलाबी, पिवळे आणि काळे ठिपके सुटे दिसतात. सगळे रंग या चारांतूनच होतात, हे बघून मुलं हमखास दुसरा फोटो कापायला धावतात.

कांदा, पण दोनदा

कांद्याचा पापुद्रा सगळ्यांना माहीत आहे, तरी निम्म्या वेळा तो फसतो. कारण एकच: जाड तुकडा. कांदा उभा चिरा, आतली एक मांसल पाकळी घ्या आणि तिच्या खोलगट बाजूकडून चिमट्याने ओढा. कागदाहून पातळ, काचेसारखा पारदर्शक पडदा निघतो. तो नखाएवढाच हवा. काचपट्टीवर आधी पाण्याचा थेंब, मग त्यात पापुद्रा, आणि घडी पडली असेल तर सुईने सरळ करायची. कोरड्या काचेवर पापुद्रा ठेवून वरून पाणी घातलं तर तो गुंडाळला जातो.

झाकणकाच एका कडेवर तिरपी टेकवा आणि सुईच्या आधाराने, पेटीचं झाकण मिटावं तशी हळू खाली सोडा. वरून सपाट टाकली की हवा अडकते. बुडबुडा ओळखायला सोपा: अगदी गोल, आणि जाड काळी कड. बाहेर आलेलं पाणी टिपकागदाने टिपून घ्या.

रंग आधी देऊ नका. न रंगवलेला पापुद्रा ४० आणि मग १०० पटींत बघू द्या. लांबट, एकमेकींना चिकटलेल्या पेशी आणि त्यांच्या भित्तिका दिसतात. मग काचेच्या एका कडेला आयोडीनचा थेंब सोडा आणि समोरच्या कडेला टिपकागद लावा. कागद पाणी ओढतो, आयोडीन आत शिरतं आणि डोळ्यांदेखत एकेका पेशीत पिवळसर तपकिरी ठिपका उमटतो. तो केंद्रक. रॉबर्ट ब्राउनने १८३१ मध्ये ऑर्किडच्या अशाच वरच्या थरातल्या पेशी बघून त्याला न्यूक्लियस हे नाव दिलं. रॉबर्ट हूकने १६६५ मध्ये बुचाच्या कापात ‘सेल’ पाहिल्या तेव्हा त्याला फक्त मेलेल्या पेशींच्या रिकाम्या भिंती दिसल्या होत्या. त्याच्यापेक्षा आठवीतला मुलगा जास्त बघतो, हे मुलांना जरूर सांगा. आयोडीन मेडिकलमधलं टिंक्चर असेल तर पाणी घालून चहाच्या रंगाचं करून घ्या.

इथेच बहुतेक तास संपतात. माझ्या मते खरी गंमत याच्या पुढे आहे. लाल कांदा घ्या, आपल्याकडे तो बाजारात कुठेही मिळतो. या वेळी पाकळीच्या बाहेरच्या, फुगीर बाजूचा जांभळट पापुद्रा काढा. रंग द्यायची गरज नाही, तो पेशीतल्या रसातच असतो. १०० पटींवर सगळी पेशी रंगाने भरलेली दिसेल. आता आयोडीनसारखंच, कडेने मिठाचं पाणी आत ओढा. अर्ध्या पेल्यात एक-दोन चमचे मीठ पुरे. मिनिटा-दोन मिनिटांत जांभळा भाग आक्रसायला लागतो आणि भित्तिका जागच्या जागी राहते. पेशीपटल आणि पेशीभित्तिका या वेगळ्या गोष्टी आहेत, हे फळ्यावर चार वेळा आकृती काढून जेवढं कळत नाही तेवढं इथे एकदा बघून कळतं. लगेच साधं पाणी ओढलं तर बऱ्याच पेशी पुन्हा फुगतात. लोणच्याच्या फोडीला मीठ लावल्यावर पाणी का सुटतं, हा प्रश्न मुलं स्वतःच विचारतात.

घरातलं, अंगणातलं

बटाट्याचा काप नको. कापलेल्या बाजूवरून सुईने अलगद खरवडा आणि तो पांढरा गढूळपणा थेंबात कालवा. स्टार्चचे अंडाकृती कण दिसतात आणि झडप थोडी मिटली तर त्यांच्यातली एकाबाहेर एक वलयंही. आयोडीन अगदी पातळ घाला. दाट घातलं की कण काळेठिक्कर होतात आणि वलयं गेली.

गालाच्या पेशींसाठी कानातल्या काडीचा कापूस गालाच्या आतून हलकेच फिरवा, काचपट्टीवर टेकवा आणि मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाचा एक पातळ थेंब घाला. सपाट, वेड्यावाकड्या कडांच्या पेशी आणि मध्ये गडद निळं केंद्रक. पेशीवर बारीक निळे ठिपके दिसले तर ते बहुधा तोंडातले जिवाणू. प्रत्येकाने आपलीच काडी आपल्याच गालाला लावायची आणि काम झालं की काड्या व काचपट्ट्या ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात. मिथिलीन ब्लू गणवेशावर पडलं की निघत नाही, ड्रॉपर शिक्षकांच्याच हातात असू द्या. बोट टोचून रक्त बघण्याचा हट्ट मुलं धरतात. वर्गात तो पुरवू नये. त्यासाठी तयार काचपट्टी मिळते.

बागेच्या कडेला लावतात ती रोहियो, वरून हिरवी आणि खालून जांभळी पानं असलेली, पर्णरंध्रांसाठी फार सोयीची. पान तिरपं फाडलं की खालचा जांभळा पापुद्रा सुटतो. जांभळ्या पेशींमध्ये रंध्राला वेढणाऱ्या हिरव्या रक्षक पेशींच्या जोड्या, रंग न देता. रोहियो नसेल तर कुठल्याही पानाच्या खालच्या बाजूला पारदर्शक नेलपॉलिश लावा, वाळू द्या, वर सेलोटेप दाबून ओढा आणि ती टेप काचपट्टीवर चिकटवा. हा नुसता ठसा असतो, पण रंध्रं मोजायला उत्तम.

जास्वंदीचे काटेरी परागकण ४० पटींतही ओळखू येतात. मिठाच्या पाण्याचा थेंब उघडा ठेवून ४ च्या भिंगाखाली वाळू दिला तर कडेकडेने चौकोनी स्फटिक वाढताना दिसतात. कापसाचा तंतू चपटा आणि ठिकठिकाणी पिळलेला, तर पॉलिस्टरचा सरळ, गुळगुळीत. मुलांच्या गणवेशातले दोरे काढून कापडावरच्या लेबलचं खरंखोटं करता येतं.

दह्यातले जिवाणू मात्र वर्गात दाखवण्याच्या फंदात पडू नये असं मला वाटतं. पुस्तकात ते येतात म्हणून सगळे ताकाचा थेंब ठेवतात, पण ४०० पटींत दिसणारे बहुतेक गोल गोळे स्निग्धांशाचे असतात. जिवाणू नीट बघायचे तर पातळ थर वाळवून, रंगवून, तेल लावून १०० च्या भिंगाखाली बघावे लागतात. त्यापेक्षा कोमट साखरपाण्यात अर्धा तास ठेवलेलं यीस्ट घ्या. ४०० पटींत अंडाकृती पेशी आणि काहींना फुटलेली छोटी कळी, दोन्ही दिसतात.

डबक्याचं पाणी

जुलै-ऑगस्टमध्ये यासाठी लांब जावं लागत नाही. कुंडीखालच्या ताटलीतलं हिरवट पाणी, हौदाच्या भिंतीवरचं शेवाळ, भाताच्या खाचरातलं पाणी, काहीही चालेल. वरचं स्वच्छ पाणी घेऊ नका. तळाचा गाळ आणि शेवाळाचे तंतू यांच्या आसपास जास्त जीव असतात. ड्रॉपरचा फुगा आधी दाबून मग तळाशी सोडा.

हातांना बुळबुळीत लागणारं हिरवं शेवाळ बहुधा स्पायरोगायरा निघतं. त्याच्या प्रत्येक पेशीत हरितलवकाची फीत वळसे घेत गेलेली असते. मत्स्यालयाच्या दुकानात मिळणाऱ्या हायड्रिलाचं पान पेशींच्या दोनच थरांचं असतं, म्हणून न कापता आख्खं ठेवता येतं. मधल्या शिरेजवळ ४०० पटींवर थांबा. थोड्या वेळात हरितलवकं पेशीच्या कडेकडेने फिरताना दिसतात. पेशी जिवंत आहे म्हणजे काय, याचं उत्तर तिथे मिळतं.

पॅरामेशियम हवं असेल तर वाळलेलं गवत पाण्यात उकळा, थंड झालं की त्यात डबक्याचं थोडं पाणी घाला आणि सावलीत ठेवा. साधारण आठवड्याने वर साय येते. तिच्याखालचा थेंब घ्या. हे जीव इतके वेगाने पळतात की चित्रात टिकत नाहीत. झाकणकाचेखाली कापसाचे दोन-चार तंतू विस्कटून ठेवले की त्यांच्या जाळ्यात ते अडकतात. पाण्यात डासांच्या अळ्या असतील तर ४ च्या भिंगाखाली त्याही दाखवा, आणि उरलेलं पाणी मोरीत किंवा गटारात न ओतता कोरड्या मातीवर टाका.

मापणं आणि काढणं

४ च्या भिंगाखाली पारदर्शक पट्टी ठेवा आणि गोलात किती मिलिमीटर बसतात ते मोजा. समजा साडेचार भरले. १० च्या भिंगाला गोलाची रुंदी अडीच पट कमी, म्हणजे १.८ मिलिमीटर, आणि ४० ला ०.४५. आता १० च्या भिंगाखाली कांद्याच्या सहा पेशी टोकाला टोक लागून गोलभर बसल्या तर एक पेशी ०.३ मिलिमीटर लांब. गणिताच्या शिक्षकांना बोलवा, त्यांनाही आवडतं.

आकृती शिसपेन्सिलने, छायांकन न करता, आणि शेजारी पट, रंग, तारीख. पुस्तकातली आकृती उतरवलेली लगेच कळते: प्रत्येक पेशीत केंद्रक बरोबर मध्यभागी असतं. काचेखाली ते बहुधा भिंतीला टेकलेलं असतं, कारण मधली जागा रिक्तिकेने, म्हणजे रसाने भरलेल्या पिशवीने, व्यापलेली असते. अशी वही परत द्यायची.

चाळीस मुलं आणि एकच यंत्र, ही आपल्याकडची खरी अडचण. रांग लावली तर प्रत्येकाला अर्धं मिनिट मिळतं आणि पुढच्याने ‘दिसलं सर’ म्हटलं की मागचाही म्हणतो. म्हणून ‘दिसलं का’ हा प्रश्नच विचारू नका. ‘एक पर्णरंध्र मध्यभागी आणून दे’ असं सांगा आणि स्वतः बघून खात्री करा. मोबाइलचा मुख्य कॅमेरा नेत्रिकेपासून सेंटीमीटर-दोन सेंटीमीटरवर स्थिर धरला तर वर्गाला एकदम दाखवता येतं. पण त्याआधी प्रत्येकाने एकदा तरी स्वतःच्या डोळ्याने बघितलेलं असावं. जोडीला कागदी फोल्डस्कोप असेल तर रांग निम्मी होते. स्टॅनफर्डमध्ये मनू प्रकाश आणि सहकाऱ्यांनी बनवलेलं हे घडीचं यंत्र १४० पटींपर्यंत दाखवतं, म्हणजे कांदा आणि पराग यांना पुरेसं.

तास संपल्यावर आणि पावसाळ्यात

४ चं भिंग खाली, काचपट्टी बाहेर, मंच कोरडा, वर आच्छादन. भिंगावर आधी रबरी फुग्याने हवा मारा, मग लेन्स पेपर किंवा धुऊन मऊ झालेलं सुती कापड किंचित ओलं करून हलकेच फिरवा. रुमालाने कोरडं घासलं की धुळीचे कण काचेवर ओरखडे पाडतात. १०० च्या भिंगाचं तेल त्याच दिवशी पुसा.

कोकणात आणि घाटमाथ्यावर भिंगांना बुरशी लागते. लाकडी कपाटापेक्षा घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या बऱ्या; रंग बदलला की पुडी बदलायची. बुरशी भिंगाच्या आत गेली असेल तर ते स्वतः खोलू नका, दुरुस्ती करणाऱ्याकडेच द्या.

चित्रात डाग दिसला तर तो कुठे आहे ते शोधायला खोलाखोल लागत नाही. काचपट्टी सरकवा, डाग सरकला तर तो काचपट्टीवर. नेत्रिका फिरवा; डाग फिरला तर नेत्रिकेवर. वस्तुभिंग बदलल्यावर नाहीसा झाला तर त्या भिंगावर. यांपैकी काहीच झालं नाही तर आरसा किंवा दिव्याची काच पुसून बघा.